थायरॉईड लपवू नका, गोळी तोडू नका

"दिवसभर नुसती झोपून असते." "खाते एवढंसं आणि फुगते किती!" "निकाहला तीन वर्षं झाली, अजून गोड बातमी नाही." "पोरगी हुशार होती हो, कुणाची तरी नजर लागली." अशी वाक्यं आपल्या घरांत नवीन नाहीत. शेजारी, खाला, फुफी सगळे आपापला इलाज सांगतात. कुणी तावीज आणतं, कुणी वजन कमी करायचा काढा देतं, कुणी सरळ आळशीपणाचा शिक्का मारून मोकळं होतं.

या प्रत्येक तक्रारीमागे थायरॉईडच असतो असं नाही. पण तो असू शकतो, आणि आहे की नाही हे एका साध्या रक्ततपासणीत कळतं. आजार सापडला तर बहुतेकांना रोज एक छोटी गोळी पुरते. एवढं सोपं असूनही त्रास वाढतो, कारण आपण आधी आजाराला भलतंच नाव देतो, नंतर तो लपवतो आणि शेवटी गोळी मनानेच बंद करतो. म्हणून हा आजार कशाने होतो, काय करतो आणि घरच्यांनी काय जपायचं, हे नीट समजून घेऊ.

थायरॉईड म्हणजे नेमकं काय?

"मला थायरॉईड आहे" असं आपण म्हणतो, पण थायरॉईड प्रत्येकालाच असतो. ते आजाराचं नाव नाही, एका ग्रंथीचं नाव आहे. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात तिला 'अवटू ग्रंथी' म्हटलंय. गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठाच्या खाली, श्वासनलिकेला लगटून ती बसलेली असते. आकार पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा आणि वजन साधारण २० ग्रॅम.

एवढीशी ही ग्रंथी शरीराचा वेग ठरवते. ती टी-४ आणि टी-३ नावाची हार्मोन्स तयार करून रक्तात सोडते. हृदयाने किती जोरात धडधडायचं, आतड्यांनी किती वेगाने काम करायचं, अंगात ऊब किती राहायची, पाळी कधी यायची, लहान मुलाची उंची आणि मेंदू कसा वाढायचा, या सगळ्यावर या हार्मोन्सचा ताबा असतो. गॅसच्या शेगडीचं बटण समजा. आच फार मंद झाली तर भात शिजत नाही, फार मोठी झाली तर करपतो.

या ग्रंथीवर लक्ष ठेवणारी दुसरी ग्रंथी मेंदूच्या तळाशी असते, पियूषिका. ती टीएसएच नावाचं हार्मोन पाठवून थायरॉईडला कामाला लावते. वर्गात मुलं गप्प बसली की मास्तर आवाज चढवतात, आणि मुलं आपणहून धडाधडा वाचू लागली की मास्तरांचा आवाज खाली येतो. तसंच इथे होतं. थायरॉईड मंद पडला की टीएसएच वाढतो. थायरॉईड जास्त काम करू लागला की टीएसएच घटतो. म्हणूनच रिपोर्टमध्ये 'टीएसएच जास्त' दिसलं की त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'थायरॉईड कमी' असा निघतो. अनेकांचा गोंधळ इथेच होतो.

ग्रंथी मंद पडली तर

याला डॉक्टर हायपोथायरॉईडिझम म्हणतात. आपल्याकडे सर्वांत जास्त आढळणारा प्रकार हाच. मुंबई, गोवा, हैदराबाद, दिल्ली अशा ८ शहरांतल्या पाच हजारांहून जास्त प्रौढांची तपासणी झाली होती. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. दर १० माणसांमागे साधारण एकाला हा त्रास निघाला. पुरुषांपेक्षा बायकांत प्रमाण जास्त होतं, आणि काही जणांना तर आपल्याला हा आजार आहे याचा पत्ताच नव्हता.

पत्ता नसतो, कारण लक्षणं हळूहळू येतात. झोप पुरेशी होऊनही थकवा जात नाही. सगळे पंखा लावून बसलेले असताना हिला थंडी वाजते. त्वचा कोरडी पडते, केस गळतात, पोट साफ होत नाही, चेहरा सुजल्यासारखा वाटतो, आवाज घोगरा होतो. वजन थोडं वाढतं. पाळीत रक्त जास्त जातं किंवा तारखा पुढेमागे होतात. नाव आठवत नाही, कामात मन लागत नाही, उदास वाटतं. यातलं एकेक लक्षण कुणालाही असू शकतं. तीन-चार एकत्र आली आणि महिनोन्‌महिने टिकली, तर मात्र तपासणी करून घ्यावी.

दुर्लक्ष केलं तर कोलेस्टेरॉल वाढतं, हृदयावर ताण येतो, गर्भ राहायला अडचण येते किंवा राहिलेला गर्भ पडू शकतो. वर्षानुवर्षं उपचारच झाले नाहीत, तर क्वचित माणूस बेशुद्धीपर्यंत जातो, विशेषतः म्हाताऱ्या माणसांत, थंडीच्या दिवसांत.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. थायरॉईडमुळे वाढणारं वजन सहसा काही किलोच असतं. २०-२५ किलोचं सगळं ओझं थायरॉईडच्या माथी मारता येत नाही. आणि थायरॉईड ठीक असताना नुसतं वजन घटवायला ही गोळी घेणं तर धोक्याचंच. हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं ठिसूळ होतात.

ग्रंथी जास्त काम करू लागली तर

हा उलटा प्रकार, हायपरथायरॉईडिझम. भूक चांगली असूनही वजन घटतं. छातीत धडधड, हात थरथरणं, घाम, उकाडा सहन न होणं, वारंवार शौचाला जावं लागणं, झोप उडणं, लहानसहान गोष्टीवर चिडणं. घरच्यांना वाटतं, स्वभाव बदलला. काहींचे डोळे मोठे, बाहेर आल्यासारखे दिसू लागतात.

गळ्याची गाठ आणि बाहेर आलेले डोळे यांचा एकमेकांशी संबंध आहे, ही नोंद जुन्या वैद्यकातही सापडते. बाराव्या शतकात इराणी हकीम जुरजानी यांनी फारसीत लिहिलेल्या 'जखीरा-ए-ख्वारज्मशाही' या ग्रंथात ती आहे. पुढे १८३५ मध्ये आयर्लंडचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्हज यांनी या आजाराचं वर्णन केलं, आणि आज तो ग्रेव्हज आजार म्हणून ओळखला जातो. या आजारात सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांचे डोळे जास्त बिघडतात, तेव्हा ती सोडणं हा उपचाराचाच भाग आहे.

उपचाराचे तीन मार्ग आहेत: ग्रंथीचं काम कमी करणाऱ्या गोळ्या, रेडिओअ‍ॅक्टिव्ह आयोडीन आणि ऑपरेशन. कोणता मार्ग हे वय, आजाराचं कारण आणि गर्भधारणेचा विचार पाहून ठरतं. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला रेडिओअ‍ॅक्टिव्ह आयोडीन देत नाहीत. कार्बिमाझोलसारखी गोळी चालू असताना ताप आणि घसादुखी सुरू झाली, तर ती साधी सर्दी समजू नये. या गोळीने क्वचित पांढऱ्या पेशी एकदम घटतात. गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं आणि रक्त तपासून घ्यावं.

हे होतं कशाने?

आज शहरांत आणि गावांतही सर्वांत मोठं कारण आहे शरीराची स्वतःचीच चूक. रोगजंतूंशी लढणारी आपली प्रतिकारशक्ती घरच्याच माणसाला चोर समजते आणि थायरॉईडवर हल्ला करते. १९१२ मध्ये जपानचे डॉक्टर हाशिमोटो यांनी याचं वर्णन केलं, म्हणून त्याला हाशिमोटोचा आजार म्हणतात. यात ग्रंथी हळूहळू झिजते. ग्रेव्हज आजारातही चूक प्रतिकारशक्तीचीच असते, फक्त परिणाम उलटा होतो आणि ग्रंथी भडकते.

हा कल घराण्यात असू शकतो. अम्मीला, बहिणीला किंवा खालाला थायरॉईड असेल तर आपण सावध राहिलेलं बरं. टाइप-१ मधुमेह किंवा अंगावर पांढरे डाग असलेल्यांनाही शक्यता जास्त असते. याशिवाय इतर कारणं आहेत. ग्रंथीचं ऑपरेशन झालेलं असणं, हृदयाच्या ठोक्यांसाठी दिलं जाणारं अमिओडेरॉन किंवा मानसिक आजारावरचं लिथियम यांसारखी औषधं, विषाणूच्या तापानंतर ग्रंथीला येणारी सूज, ही त्यातली काही. बाळंतपणानंतरच्या वर्षातही काही बायकांची ग्रंथी आधी भडकते आणि मग मंदावते. बाळंतिणीचे चाळीस दिवस उलटून महिने गेले तरी थकवा, उदासी, धडधड जात नसेल, तर "नवीन आई आहे, होतं असं" म्हणून सोडून देऊ नका.

यात नजर, असर, कुणाची बद्दुआ कुठेच येत नाही. दुआ जरूर करावी, पण दवा सोडून नाही.

मीठ आणि आयोडीन

थायरॉईडचं हार्मोन बनायला कच्चा माल लागतो तो आयोडीनचा. मोठ्या माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम आणि गरोदर बाईला सुमारे २५० मायक्रोग्रॅम. ही मात्रा अगदी चिमूटभर असते, पण ती मिळाली नाही तर ग्रंथी धडपडून मोठी होते आणि गळ्यावर गाठ दिसते. तिलाच मराठीत गलगंड आणि उर्दूत घेंघा म्हणतात.

हिमालयाच्या पायथ्याच्या गावांत एकेकाळी घरोघरी गलगंड दिसायचा. १९५६ मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात प्रयोग सुरू केला. काही भागांना आयोडीन घातलेलं मीठ दिलं, एका भागाला साधं. काही वर्षांनी आयोडीनच्या मिठाच्या भागांत गलगंड झपाट्याने घटलेला दिसला. त्यातूनच १९६२ मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आज बाजारात खाण्यासाठी विकल्या जाणाऱ्या मिठात आयोडीन असणं कायद्याने बंधनकारक आहे.

तेव्हा घरात रोजच्या जेवणाला आयोडीनयुक्त मीठच वापरा. कोकणात मिठागराचं जाडं मीठ मासळी खारवायला, लोणच्याला वापरतात. त्याला हरकत नाही, पण तेच मीठ रोजच्या कालवणात पडत असेल तर घराला आयोडीन कमी मिळतं. 'नैसर्गिक' म्हणून विकलं जाणारं सैंधव किंवा गुलाबी मीठही आयोडीनची गरज भागवत नाही. मिठाची बरणी घट्ट झाकून ठेवा, चुलीजवळ उघडी नको.

याचा दुसरा टोकाचा अर्थही काढू नका. हाशिमोटोचा आजार झालेल्याने जास्त मीठ खाल्लं म्हणून ग्रंथी सुधारत नाही, रक्तदाब मात्र वाढतो. आयोडीनच्या किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्या मनाने घेतल्या तर थायरॉईड उलट बिघडू शकतो. कोबी-फ्लॉवर शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खाल्ला तर चालतो. तो कायमचा बंद करायची गरज नसते.

पोटातल्या बाळासाठी

हा भाग घरातल्या प्रत्येक सासूने आणि नवऱ्याने वाचावा.

गर्भात पहिले साधारण तीन महिने बाळाची स्वतःची ग्रंथी तयार होत असते. त्या काळात बाळाच्या मेंदूला लागणारं हार्मोन फक्त आईकडून मिळतं. आईलाच कमी पडत असेल तर बाळाला कुठून मिळणार? आईच्या गंभीर थायरॉईडवर उपचार झाले नाहीत तर गर्भपात, वेळेआधी बाळंतपण, आईचा रक्तदाब वाढणं, बाळाचं वजन कमी भरणं आणि बुद्धीच्या वाढीवर परिणाम असे धोके असतात.

म्हणून आधीपासून गोळी घेणाऱ्या बाईने गर्भाचा विचार सुरू करतानाच टीएसएच तपासून घ्यावा. दिवस राहिल्याचं कळताच, तिसऱ्या महिन्याच्या सोनोग्राफीची वाट न पाहता, डॉक्टरांना सांगावं. बहुतेकींना तेव्हा डोस साधारण पाव हिश्श्याने किंवा थोडा अधिक वाढवावा लागतो. पुढे पहिल्या निम्म्या काळात दर चार-सहा आठवड्यांनी तपासणी होते. "पोटात बाळ आहे, औषधं बंद कर" हा मोठ्यांचा सल्ला मायेतून येतो, पण थायरॉईडच्या गोळीला तो लागू पडत नाही. ही गोळी बाळाला अपाय करत नाही. ती बंद केली तर मात्र करू शकते. दूध पाजतानाही ती चालू ठेवायची असते.

नवजात बाळ आणि शाळेतली मुलं

काही बाळं जन्मतःच थायरॉईड नसलेली किंवा अपुरा असलेली असतात. भारतात हजार-अकराशे बाळांमागे एकाला असं असल्याचं आढळलंय. बहुतेकांत ग्रंथीच नीट घडलेली नसते आणि त्यात आईबापाचा काही दोष नसतो. एक प्रकार मात्र असा आहे, ज्यात ग्रंथी असते पण हार्मोन बनवण्याची क्रिया बिघडलेली असते. हा दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच बाळात उतरतो. म्हणून चुलत-मामे-खाला-फुफीच्या नात्यातल्या लग्नांत त्याची शक्यता वाढते. घराण्यात असं बाळ झालेलं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावं.

असं बाळ जन्मताना अगदी ठीक दिसू शकतं. नंतर ते फार झोपतं, नीट पीत नाही, कावीळ लांबते, शी रोज होत नाही, रडणं घोगरं असतं, जीभ मोठी वाटते, बेंबी फुगलेली असते. घरात कौतुक होतं, "बाळ किती शांत आहे!" पण मेंदू वाढण्याचे हेच दिवस असतात. जन्मानंतर टाचेतून घेतलेल्या दोन थेंब रक्तावर तपासणी होते. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर बहुतेक बाळं इतर मुलांसारखीच वाढतात. काही महिने उशीर झाला तर बुद्धीचं झालेलं नुकसान पूर्ण भरून येत नाही. दवाखान्यातून घरी येण्याआधी स्वतःहून विचारा, "बाळाची थायरॉईडची तपासणी झाली का?"

शाळेच्या वयात हा आजार वेगळा दिसतो. आम्हा शिक्षकांच्या नजरेला तो लवकर पडू शकतो, कारण पन्नास मुलं एका रांगेत समोर असतात. दोन वर्षांत जिची उंची जवळजवळ वाढलीच नाही, जी आधी पुढे बसायची आणि आता बाकावर डोकं टेकते, अक्षर मंदावलं, थंडीत सगळ्यांच्या आधी स्वेटर घालते, गळा भरल्यासारखा दिसतो, अशा मुलीला 'ढ' म्हणण्याआधी घरी निरोप द्यावा. पालकांनीही दर सहा महिन्यांनी दाराच्या चौकटीवर उंचीची खूण करावी. उंची थांबली की कारण शोधावं.

तपासणी कशी करायची?

पहिली तपासणी टीएसएचची. गरज असेल तर सोबत फ्री टी-४. कारण शोधायला डॉक्टर अँटी-टीपीओ सांगतात. गाठ असेल तर सोनोग्राफी आणि कधी सुईने पाणी काढून तपासणी. थायरॉईडच्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, पण गाठ दिसली तर डॉक्टरांना दाखवायलाच हवी. घरी आरशासमोर उभं राहा, हनुवटी थोडी वर करा, पाण्याचा घोट घ्या आणि गिळताना गळ्याच्या पुढच्या भागाकडे पाहा. काही वर-खाली सरकताना फुगीर दिसलं तर दाखवून घ्या.

मोठ्या माणसांत टीएसएच साधारण ०.४ ते ४ च्या आसपास असला तर ठीक मानतात. प्रयोगशाळेनुसार आकडे थोडे बदलतात. गरोदरपणात आणि म्हातारपणी हिशेब वेगळा असतो. आकडा किंचित वर गेला म्हणून लगेच जन्मभराची गोळी लागते असं नाही. अशा वेळी डॉक्टर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात. टीएसएच १० च्या वर असेल किंवा गर्भधारणेचा प्रश्न असेल, तर सहसा उपचार सुरू होतात. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तपासणीआधी सांगा, त्यांच्यामुळे रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

गोळी घेण्याची रीत

मंद थायरॉईडवरची गोळी म्हणजे लेव्होथायरॉक्सिन. आपली ग्रंथी जे टी-४ बनवते, तेच बाहेरून दिलं जातं. म्हणून "गोळीची सवय लागेल" ही भीती खोटी आहे. शरीराला जे कमी पडतं ते आपण भरून काढतो, एवढंच.

काही घरांत विचारतात, ही गोळी हलाल आहे का? पूर्वी डुकराच्या ग्रंथीपासून बनवलेली पावडर वापरत, परदेशात ती आजही मिळते. आपल्याकडे डॉक्टर जी लेव्होथायरॉक्सिन लिहून देतात, त्यातलं औषध कारखान्यात रासायनिक पद्धतीने बनतं, प्राण्याच्या ग्रंथीतून काढलेलं नसतं. परदेशातून कुणी 'नैसर्गिक थायरॉईड' पाठवला तर मात्र चौकशी करा.

गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत घ्यायची. चहा आणि नाश्ता अर्ध्या ते एका तासाने. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर हवं, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. गरोदर बायकांना तिन्ही गोळ्या असतात, त्यांनी हे खास जपावं. डोस बदलला की साधारण सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी.

आता सर्वांत महत्त्वाचं. ही गोळी शरीरात हळूहळू संपते. घेतलेलं औषध निम्मं व्हायलाच सुमारे आठवडा लागतो. म्हणून एखाद्या दिवशी विसरली तर घाबरायचं कारण नाही. पण याच गुणामुळे माणूस फसतो. गोळी बंद करून पंधरा दिवस झाले, काहीच त्रास नाही, म्हणजे आजार गेला असं वाटतं. गेलेला नसतो, आधीचं औषध अजून पुरत असतं. महिना-दोन महिन्यांनी थकवा परत येतो, तेव्हा गोळीशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही. "रिपोर्ट नॉर्मल आला, बंद केली" हेही तसंच. चष्मा लावल्यावर फळा स्पष्ट दिसतो, म्हणून कुणी चष्मा फेकून देत नाही. रिपोर्ट नॉर्मल आलाय तो गोळीमुळे. काहींची गोळी पुढे बंद होऊ शकते, पण ते डॉक्टर ठरवतील.

रमजानमध्ये काय करावं?

दिवसातून एकदा गोळी घेणाऱ्या, तब्येत स्थिर असलेल्या बहुतेकांना रोजे ठेवता येतात. प्रश्न फक्त वेळेचा असतो, कारण सकाळचं उपाशी पोट मिळत नाही. तीन पर्याय आहेत.

पहिला, इफ्तारचा. पाण्याने रोजा सोडताना त्याच घोटासोबत गोळी घ्या, मग मगरिबची नमाज पढा आणि अर्ध्या तासाने खजूर, फळं, जेवण. दुसरा, सेहरीचा. सेहरीच्या अर्धा-एक तास आधी उठून गोळी घ्या, तहज्जुद पढा, मग खा. तिसरा, तरावीहनंतर झोपताना, पण शेवटचं खाऊन तीन तास झालेले हवेत. इफ्तारपासून काही ना काही तोंडात टाकत राहणाऱ्यांना हा जमत नाही. जो पर्याय तीसही दिवस सांभाळता येईल तो निवडा आणि रोज तोच ठेवा. रमजानमध्ये टीएसएच थोडा वाढू शकतो, म्हणून ईदनंतर काही आठवड्यांनी तपासून घ्या.

रोज्यात तपासणीसाठी रक्त दिलं तर रोजा तुटत नाही. हनफी आणि शाफई, दोन्ही मसलकांत हेच आहे. तेव्हा या कारणासाठी तपासणी पुढे ढकलू नका. ग्रंथी जास्त काम करत असलेल्यांनी, दिवसातून दोन-तीनदा गोळ्या असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटावं. डॉक्टर नको म्हणाले तर आजारी माणसाला दीनमध्ये सूट आहे. तिचा मसअला आपल्या आलिमांना विचारावा. जिवावर बेतेपर्यंत ताणणं कुणी सांगितलेलं नाही.

रिश्ता जमवताना

मुलीचा थायरॉईड रिश्त्याच्या वेळी झाकला जातो. आईबाप म्हणतात, "सांगितलं तर स्थळ जाईल." मग मुलगी सासरी गोळीची बाटली कपाटात, कपड्यांच्या खाली ठेवते. कुणी पाहील म्हणून आज चुकते, उद्या चुकते, मग सुटतेच. काही महिन्यांनी ती थकते, पाळी बिघडते, दिवस राहत नाहीत किंवा राहिलेले टिकत नाहीत. मग सगळं घर तिलाच दोष देतं. जो आजार एका गोळीत काबूत होता, तो आपण लपवून मोठा केला.

मुलीकडच्यांनी साध्या शब्दांत सांगावं, "हिला थायरॉईड आहे, रोज गोळी असते, रिपोर्ट ठीक आहे." मुलाकडच्यांनी हे ऐकून चष्म्याचा नंबर ऐकावा तसं ऐकावं. गोळी नियमित असेल तर अशा मुली शिकतात, नोकरी करतात, घर चालवतात, आई होतात. हा आजार स्पर्शाने पसरत नाही आणि पुरुषांनाही होतो. मूल होत नसेल तर तपासणी नवरा-बायको दोघांची व्हावी, एकटीची नको.

घरात कुणाची गोळी चालू असेल तर तिची बाटली सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवा, फक्त लहान मुलांच्या हाती लागणार नाही इतकी उंच. संपायच्या आठवडाभर आधी नवी आणा. आणि कुणाचा थकवा, केस, पाळी, उंची किंवा धडधड बरेच दिवस खटकत असेल, तर पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन टीएसएच करून घ्या. या लेखाच्या भरवशावर डोस ठरवू नका, ते काम डॉक्टरांचं आहे.

अल्लाह आपल्या घरांतल्या सगळ्या लेकी-सुनांना, लेकरांना आणि मोठ्यांना सेहत देवो. आमीन.